टेबलावरचे रोल-प्लेइंग गेम : खेळणाऱ्यांचे आणि रचणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर हे खेळ चालतात, आणि मी बहुतेक वेळा जीएम, म्हणजे खेळ चालवणारी गेम मास्टर, असते. त्यामुळे ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले लोक प्रश्न पाठवत राहतात. परत परत येणारे इथे एकत्र केलेत. सोपे आधी आहेत, गुंत्याचे नंतर. उदाहरणांत 'मुक्कामी गाडी' हा रात्री घाटात अडकलेल्या एसटीचा खेळ वारंवार येईल. तो मीच लिहिलाय, म्हणून त्यातल्या चुकाही मला पाठ आहेत.

१. हा नेमका काय प्रकार आहे? ल्यूडोसारखा पट असतो, की नाटकासारखं काम करायचं?

पट असेलच असं नाही आणि अभिनय यायलाच हवा असंही नाही. चार-पाच जण बसतात. प्रत्येकाने एक पात्र घेतलेलं असतं. एक जण मात्र पात्र घेत नाही, तो जीएम. डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) खेळणारे त्यालाच डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. तो प्रसंग सांगतो आणि विचारतो, "मग, काय करताय?" तुम्ही सांगायचं. पुढे काय होईल हे कुणालाच माहीत नसेल तर फासे टाकायचे. कसं चालतं त्याचा एक तुकडा :

जीएम : घाटात दरड आलीय. एसटी उभी. रात्रीचे पावणेबारा. मागच्या सीटवरच्या आजींना धाप लागलीय.
कंडक्टर : मी बॅटरी घेऊन खाली उतरतो. पलीकडे एखादी गाडी दिसते का बघतो.
जीएम : दिसते. दरडीच्या पलीकडे दोन दिवे आहेत. पण मधले दगड अजून घरंगळतायत.
कंडक्टर : जातो. आजी थांबणार नाहीत.
जीएम : टाका दान.

हे तीन तास चालतं. मध्ये चहा होतो.

२. यात जिंकतं कोण?

भातुकलीत कोण जिंकायचं? तसंच. फरक एवढाच की चोर-पोलीस खेळताना "मी तुला गोळी मारली", "नाही, लागलीच नाही" यावर जे भांडण व्हायचं, ते मिटवायला इथे नियम असतात.

३. डी अँड डी म्हणजेच हे का?

डी अँड डी हा त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध खेळ. वॉशिंग पावडरला लोक एकाच ब्रँडच्या नावाने हाक मारतात, तसं झालंय.

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये अमेरिकेत निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते, आणि पहिली छपाई होती १,००० प्रतींची. पण खरी ठिणगी त्याच्या आधी पडली. तेव्हा छोट्या शिशाच्या सैनिकांच्या पलटणी मांडून लढाया खेळणारी मंडळी होती. १९६९ मध्ये डेव्हिड वेझली यांनी अशा खेळात काही जणांना पलटणीऐवजी एकेक माणूस दिला : गावाचा महापौर, बँकेचा मालक, विद्यापीठाचा कुलगुरू. खेळाडू लगेच कोपऱ्यात जाऊन आपापसांत कारस्थानं करायला लागले, नियमांत नसलेलं काहीही करायला लागले. वेझलींना वाटलं, खेळ फसला. खेळणाऱ्यांना मात्र परत तेच हवं होतं. त्या टोळक्यात आर्नेसनही होते.

पुढे फाटे फुटले. १९७७ मध्ये अंतराळातला ट्रॅव्हलर आला, १९८१ मध्ये भयकथेचा कॉल ऑफ कथुलू. आज एका पानावर मावणारे खेळही आहेत. राक्षस-तलवारीत रस नसेल तर डी अँड डीपासून सुरुवात करायची काहीच सक्ती नाही.

४. सुरुवातीला काय विकत घ्यावं लागतं?

काहीही नाही. डी अँड डीचे मूळ नियम फुकट वाचायला मिळतात, शिवाय फुकट वाटले जाणारे छोटे खेळ भरपूर आहेत. सात फाशांचा जो संच मिळतो त्यात ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक आणि १० बाजूंचे दोन असतात. हे दोन एकत्र टाकले की शंभरपर्यंतचा आकडा मिळतो. दिसायला तो संच फार गोड असतो, त्यामुळे तुम्ही घेणारच. पण पहिल्या दोन महिन्यांत नका घेऊ. ल्यूडोच्या डब्यातले दोन फासे, पेन्सिल आणि पाठकोरे कागद पुरतात.

५. किती जण लागतात आणि किती वेळ?

जीएम धरून चार ते पाच. सहाव्या माणसाला पाळी येईपर्यंत झोप येते. एका बैठकीत संपणाऱ्या खेळाला वनशॉट म्हणतात, महिनोन्‌महिने चालणाऱ्याला कॅम्पेन. पहिले तीन-चार वनशॉटच खेळा. कॅम्पेन बंद पडतं ते बहुधा तारीख जुळत नाही म्हणून. आमचा नियम असा की एक जण आला नाही तरी खेळ होतो आणि त्याचं पात्र त्या दिवशी "बसमध्ये झोपलेलं" असतं.

६. मला गोष्टी रचता येत नाहीत. मी जीएम होऊ शकेन का?

उलट गोष्ट रचून आणणारा जीएम त्रासदायक होतो, कारण मग तो सगळ्यांना त्या गोष्टीच्या शेवटाकडे हाकत नेतो. तुम्ही फक्त अडचण तयार करा. 'मुक्कामी गाडी'साठी माझी तयारी अर्ध्या पानाची असते. डाव्या बाजूला गाडीतली माणसं, त्यांच्यापुढे प्रत्येकाला काय हवंय ते. आजींना लेकीकडे पोचायचंय. ड्रायव्हरला आज उशिराचा शेरा नकोय. मधल्या सीटवरच्या माणसाला वाटतंय की पोलीस येऊ नयेत. उजव्या बाजूला, कुणी काहीच केलं नाही तर तासातासाने काय बिघडेल ते. पुढचं खेळाडू करतात. तुम्ही "मग काय होतं?" या प्रश्नाला सरळ, प्रामाणिक उत्तर देत राहायचं.

७. आम्ही मराठीत खेळायला बसतो आणि पाच मिनिटांत इंग्रजीवर येतो. मराठीत काहीतरी अवघडल्यासारखं होतं. उपाय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. आपण चेटकीण-ड्रॅगन इंग्रजीत ऐकलेले असतात, त्यामुळे मराठीत सांगायला गेलं की पौराणिक मालिकेतली भाषा तोंडी येते. "मी खड्ग उपसून त्याजवर प्रहार करतो" असं म्हणून कुणीही सरळ चेहऱ्याने पुढे खेळू शकत नाही. "धावत जातो आणि हाणतो" म्हणा. घरात बोलता तसंच बोलायचं. नियमांतले इंग्रजी शब्द तसेच राहू देत, 'लेव्हल'ला 'स्तर' म्हणून कुणाचं भलं झालेलं नाही. आम्ही एकच शब्द बदलला : 'रोल'ऐवजी 'दान'. तो मुद्दाम शोधावा लागला नाही, सारीपाटापासून आपल्याकडे आहेच.

एकदा जीभ सैल झाली की मराठीत असं काही मिळतं जे इंग्रजीत नाही. क्रियापद बघा. आमच्याकडे कंडक्टरचं पात्र एक बाई खेळते. ती "मी खाली उतरतो" म्हणाली की पात्र बोलतंय, "मी जरा पाणी पिऊन येते" म्हणाली की ती स्वतः. कुणाला विचारावं लागत नाही. दुसरं, 'आपण' आणि 'आम्ही'. ड्रायव्हर आजींसमोर म्हणाला, "आम्ही चालत निघतो." 'आपण' नाही म्हणाला. आजींना मागे ठेवायचं ठरलंय हे टेबलाला त्या एका शब्दात कळलं, आणि आजी खेळणाऱ्या मुलाने मान खाली घातली. आणि तिसरं, तू-तुम्ही. दोन तास "अहो साहेब" चाललेलं असताना कुणी "ए, तू बस खाली" म्हणालं, की फासे टाकायची गरजच पडत नाही.

८. फासे नक्की कधी टाकायचे? आमचा जीएम दार उघडायलाही टाकायला लावतो.

दोन्ही निकालांनी पुढे काहीतरी घडणार असेल तेव्हाच. दार उघडलं तर आत जाऊ, नाही उघडलं तर... परत प्रयत्न करू. मग टाकायचं कशाला? उघडू द्या.

सुरुवातीला मीही हेच करायचे. कंडक्टरच्या पिशवीत बॅटरी सापडते का, यासाठी दान मागितलं. हुकलं. दुसऱ्याने शोधली, हुकलं. तिसऱ्यानेही. वीस मिनिटं पाच सुशिक्षित माणसं एका न सापडणाऱ्या बॅटरीभोवती बसून होती. शेवटी मी म्हटलं, "अगं, खिशातच होती."

तेव्हापासून फासे हातात घेण्याआधी पणाला काय लागलंय ते मोठ्याने सांगते : "जमलं तर पलीकडे पोचशील, हुकलं तर पाय अडकेल." असं वाक्य करता आलं नाही, तर ते दान नकोच. ऐकून खेळाडूला बेत बदलायचा असेल तर बदलू देते. पात्राला समोरचे दगड दिसतायत, मग खेळाडूपासून लपवून काय मिळणार?

९. दान हुकलं आणि गोष्टच अडली. खुनाचा धागा सापडलाच नाही. आता?

आधी वरचा आठवा प्रश्न वाचा, बरेचदा ते दान टाकायलाच नको असतं. शोधकथांसाठी रॉबिन लॉज यांनी गमशू नावाची नियमपद्धत केली. तिच्यात योग्य ठिकाणी योग्य कसब असलेला माणूस गेला की महत्त्वाचा धागा मिळतोच. मजा धागा मिळण्यात कमी आणि त्याचा अर्थ लावण्यात जास्त, असा तो विचार आहे आणि मला तो शंभर टक्के पटतो.

जिथे दान हवंच, तिथे 'हुकलं'चा अर्थ 'काहीच झालं नाही' असा घेऊ नका. किंमत लावा. कंडक्टर पलीकडे पोचतो, पण बॅटरी दरीत जाते. गाडीवाला थांबतो, पण त्याच्याकडे एकाचीच जागा आहे.

१०. वीस बाजूंचा एक फासा चांगला की सहा बाजूंचे दोन? निकाल शेवटी नशिबाचाच ना?

नशिबाचाच, पण नशिबाचा स्वभाव बदलतो. वीस बाजूंच्या फाशावर १ पडण्याची शक्यता ५ टक्के, ११ ची ५ टक्के, २० चीही ५ टक्के. त्यामुळे निष्णात माणूसही अधूनमधून तोंडावर आपटतो आणि नवखा डाव मारून जातो. साहसकथेला ते शोभतं.

दोन फासे टाकले की बेरजा ३६ प्रकारे जमतात. त्यांतल्या ६ प्रकारे ७ येतात, १२ मात्र एकाच प्रकारे. निकाल मध्याकडे ओढला जातो. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्डने २०१० मध्ये यावरच एक सुरेख पद्धत बांधली : १० किंवा जास्त आले तर साधलं, ७ ते ९ आले तर साधलं पण काहीतरी गमवावं लागलं, ६ किंवा कमी आले तर फसलं, आणि पुढची सूत्रं जीएमकडे. बेरजेत काहीच अधिक-उणे करायचं नसेल तर पूर्ण यशाच्या ६ वाटा, मधल्याच्या १५ आणि फसण्याच्या १५. आता पात्राला बेरजेत फक्त +१ द्या. आकडे १०, १६ आणि १० होतात. म्हणजे एका गुणाने फसण्याची शक्यता ४२ टक्क्यांवरून २८ वर आली. वीस बाजूंच्या फाशावर तोच +१ जेमतेम ५ टक्क्यांचा फरक पाडतो. दोन फाशांच्या खेळात +३ सढळ हाताने वाटणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा.

'मुक्कामी गाडी'त दोनच फासे आहेत. एसटीच्या कंडक्टरला चमत्कार जमायला नकोत, तडजोडी जमायला हव्यात.

११. मला स्वतःचा खेळ लिहायचाय. कुठून सुरुवात करू?

नकाशा, देवदेवता आणि पाचशे वर्षांचा इतिहास यांपासून करू नका. तुमच्या डोक्यातला खेळ रंगात आलाय असं समजून, वर पहिल्या उत्तरात आहे तसला दहा ओळींचा संवाद लिहा. मग बघा, लोक त्यात करतायत काय. लपतायत? भांडतायत? निरोप पोचवतायत? त्या दोन-तीन क्रियांसाठी नियम करा. बाकी मोकळं सोडा.

माझ्या पहिल्या खर्ड्यात १४ कौशल्यं होती. 'वाहन दुरुस्ती', 'प्रथमोपचार', 'वाटाघाटी' वगैरे. चार वेळा खेळून झाल्यावर पात्रांच्या माहितीची शीटं गोळा केली तर नऊ कौशल्यांपुढे एकही खूण नव्हती. आता तीनच आहेत : हात, जीभ, धीर. गाडी ढकलायची तर हात, तहसीलदाराला फोनवर पटवायचं तर जीभ, अंधारात एकट्याने थांबायचं तर धीर.

दुसरी गोष्ट, बक्षीस कशाला देताय ते तपासा, कारण लोक तेच करणार. सुरुवातीच्या डी अँड डीत अनुभवाचे गुण मोठ्या प्रमाणात गुहेतून आणलेल्या खजिन्याचे मिळायचे, राक्षस मारल्याचे त्यामानाने थोडे. शहाणे खेळाडू मग राक्षसाला चुकवून, झोपवून, लाच देऊन सोनं उचलायचे. पुढच्या आवृत्त्यांत भर राक्षस मारण्यावर आला आणि त्याच गुहांमध्ये लोक प्रत्येक दारामागे तलवार घेऊन शिरायला लागले. तुमच्या खेळात मैत्री महत्त्वाची आहे म्हणता आणि गुण फक्त मारामारीचे देता, तर मारामारीच होईल.

१२. खेळ तयार झालाय हे कसं कळतं?

तुम्ही खोलीत नसताना तो चालला, तर. आधी स्वतः चालवा, मग कागद दुसऱ्या जीएमला द्या आणि तोंड बंद ठेवून कोपऱ्यात बसा. हे फार जड जातं. लोक चुकीचा नियम वापरतील, तुम्हाला "अहो, तसं नाही" म्हणावंसं वाटेल. म्हणू नका, लिहून घ्या. जिथे तिघे अडखळले तिथे तुमचं वाक्य वाईट आहे. खेळ संपल्यावर "आवडला का?" विचारू नका, घरातले लोक हो म्हणतात. "कंटाळा कधी आला?" विचारा.

१३. एक जण सगळं बोलतो आणि एक जण तोंडच उघडत नाही.

गप्प माणसाला "तुला काय वाटतं?" असं मोघम विचारलं तर तो अजून आक्रसतो. नेमकं आणि छोटं विचारा : "आजी, तुमच्या पिशवीत काय आहे?" उत्तर काहीही असो, ते खरं माना आणि पुढे वापरा. आमच्याकडे एका लाजाळू मुलाने हळूच "मोदकाचं सारण" म्हटलं, आणि पहाटेपर्यंत सगळी गाडी त्या सारणावर जगली.

नवख्याला पहिल्या बैठकीपुरतं कच्चं लिंबू करायला हरकत नाही : त्याचं दान हुकलं तर परत टाकू द्या. पण तसं आधी सांगून करा. गुपचूप सूट दिलेली कळते आणि लागते. जास्त बोलणाऱ्याला मात्र खेळाबाहेर, एकट्याला गाठून सांगायचं.

१४. मित्र आमच्याच पात्रांचे पैसे चोरतो आणि म्हणतो, "काय करू, माझं पात्रच तसं आहे."

पात्र तसं आहे कारण त्यानेच तसं केलंय. हा रडीचा डाव आहे. खेळातल्या खेळात त्याला शिक्षा करायला जाऊ नका, त्याने सूडकथा सुरू होते. खेळ थांबवून माणसाला माणसासारखं विचारा : "आम्हाला यात मजा येत नाहीये. तुझं पात्र आमच्याबरोबर का राहतंय ते सांग." कारण सापडलं तर बरेचदा पात्र अधिक रंगतदार होतं. नाहीच सापडलं, तर ते पात्र पुढच्या थांब्यावर उतरतं.

१५. खेळता खेळता कुणाला न झेपणारा विषय आला तर?

आपल्याकडे यासाठी जुनी सोय आहे : टाइमप्लीज. पळापळीच्या ऐन भरात कुणी टाइमप्लीज म्हटलं की थांबायचं, कारण विचारायचं नाही. जॉन स्टाव्रोपोलोस यांचं एक्स-कार्ड याच धर्तीचं आहे. टेबलाच्या मध्ये फुली काढलेलं कार्ड ठेवायचं. कुणी त्याला हात लावला की तो प्रसंग गाळून पुढे जायचं, खुलासा मागायचा नाही. शिवाय सुरुवातीलाच विचारून घ्या, काय अजिबात नको आणि काय पडद्याआड झालेलं चालेल. आमच्या टेबलावर लहान मुलांचा छळ अजिबात नको, आणि दवाखान्यातले तपशील पडद्याआड.

"आम्ही सगळे जुने मित्र, आम्हाला नाही गरज" असं सांगणारे बरेच भेटतात. जुन्या मित्रांनाही एकमेकांचं सगळं माहीत नसतं.

१६. शिवकाळात खेळ घडवायचाय. महाराज पात्र म्हणून घेता येतील का?

काळ जरूर घ्या, महाराजांना खेळाडूच्या हातात देऊ नका. भावना दुखावतील हे एक कारण आहेच. पण रचनेच्या दृष्टीनेही ते पात्र खेळता येत नाही. त्यांनी काय केलं हे टेबलावरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. दान हुकलं आणि निकाल इतिहासाविरुद्ध गेला, की लोक खेळ सोडून वाद घालतात. त्यापेक्षा एका बिननावाच्या गडावरचे चार जण घ्या : हवालदार, सबनीस, कारखानीस आणि एक रामोशी. कोठारात धान्य कमी, पाऊस तोंडावर, आणि राजगडाहून खलिता आलाय, पण ओला होऊन अर्धा पुसलेला. त्यात काय लिहिलं होतं यावर चौघांचं एकमत होत नाही. यात कुणाचीही विटंबना होत नाही, आणि शेवट कुणालाच माहीत नसतो.

१७. माझं पात्र मेलं तर मी घरी जायचं का?

नाही, नवं करायचं, किंवा उरलेल्या वेळात जीएमची दुय्यम पात्रं खेळायची. ट्रॅव्हलरच्या १९७७ च्या नियमांत तर पात्र तयार करतानाच, खेळ सुरू होण्याआधी मरू शकायचं! डी अँड डीची २०१४ ची आवृत्ती बरीच मवाळ आहे. पडलेला माणूस दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकतो, १० किंवा जास्त आले तर एक खूण जगण्याची, कमी आले तर एक मरणाची. कुठल्या बाजूच्या तीन खुणा आधी भरतात ते बघायचं. मरण खेळात आहे की नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

१८. दुसऱ्याच्या नियमांवर बेतलेला खेळ विकला तर चालतो का?

मी वकील नाही, पण ढोबळ चित्र असं : कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या शब्दांत-चित्रांत मांडलीय त्यावर असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच सांगितलं. "दोन फासे टाका, १० च्या वर साधलं" ही युक्ती वापरता येईल, पण कुणाच्या पुस्तकातले परिच्छेद उचलता येणार नाहीत. भाषांतर करून उचलले तरी नाही. 'मराठीत आणलं म्हणजे माझं' असं समजणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम.

डी अँड डीबाबत एक सोय आहे. इतरांना नियम वापरू देणारे जुने परवाने बदलायच्या बेतावरून जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की कंपनीने माघार घेऊन मूळ नियमांचा एक मोठा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स नावाच्या परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. श्रेय देऊन तो वापरता येतो, भाषांतर करून विकताही येतो. खेळाचं नाव आणि बोधचिन्ह मात्र त्या परवान्यात येत नाही.

१९. आमच्यातले दोघे अमेरिकेत आहेत. खेळ चालू ठेवता येईल का?

व्हिडिओ कॉलवर येईल, फक्त वेळ धरून ठेवावी लागते. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेदहा. त्यांची घड्याळं बदलली की नोव्हेंबरात एक जण हमखास तासभर चुकतो. आमचं गणित म्हणजे इथे रविवार सकाळ साडेसात, तिथे शनिवार रात्र. इथले दात घासून येतात, तिथले पेंगायला लागलेले असतात, त्यामुळे अडीच तासांवर ताणू नका.

तेही जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून खेळा : जीएम सकाळी प्रसंग टाकतो, बाकीचे दिवसभरात उत्तरं देतात. एका रात्रीची गोष्ट दीड महिना चालते, पण लाजाळू माणसं इथे फुलतात (प्रश्न १३ मधला सारणवाला मुलगा लिहायला लागला की थांबत नाही). फासे ज्याचे त्याने टाकायचे आणि फोटो पाठवायचा. आमच्या ग्रुपवर स्टीलच्या ताटलीत टाकलेली दानं आहेत, विमानाच्या ट्रेवरची आहेत, आणि एक फोटो आहे ज्यात एक फासा सोफ्याखाली अर्धवट दिसतोय. तो ५ धरायचा की ६, यावर अजून निकाल लागलेला नाही.